शेवटची फळी

हरताळाच्या दिवशी माझं दुकान बंद होईना. एक फळी लावली की दुकान एका फळीने रुंद व्हायचं. दुसरी लावली की आणखी एका फळीने.

माझं दुकान मधल्या पेठेत, उस्मानभाई अत्तारांच्या दुकानाला लागून. आम्ही कासार. बांगड्या विकतो आणि भरतो. आमच्या पेठेत दुकानांना दारं नाहीत, फळ्या आहेत. उंबऱ्याला एक खाच, वर तुळईला एक खाच, आणि त्या दोहोंमध्ये फळ्या एकीला लागून एक सरकवत न्यायच्या. शेवटची फळी बाहेरून बसवतात, कडी तिलाच असते. माझ्या वडिलांनी प्रत्येक फळीवर पटाशीने खूण करून ठेवली होती, म्हणजे क्रम चुकायला नको. तो क्रम मी जन्मात कधी चुकलो नाही आणि त्या दिवशीही चुकलो नाही. हे आधीच सांगतो, कारण पेठेत लोक काहीबाही बोलत होते.

मुंबईकडे पुढाऱ्यांना धरल्याची बातमी आदल्या दिवशी मोटारीबरोबर आली. दिवेलागणीच्या आत दवंडी फिरली, उद्या हरताळ. माझी मुलगी वेणू ती दवंडी ऐकायला चौकापर्यंत गेली. वेणू माझी एकुलती एक. तिची आई गेल्यापासून घर तीच बघते, आणि मला चार गोष्टी सुनावण्याचं आईचं कामही तिनेच घेतलं आहे. महिन्याभरापूर्वी मारुतीच्या पारावर परदेशी मालाचा ढीग केला, तेव्हा तिने हातातल्या बांगड्या उतरवून त्यात टाकल्या. माझ्याच दुकानातल्या. चांगल्या परदेशी काचेच्या, उन्हात धरल्या तर पलीकडचं दिसावं अशा.

"कासाराच्या लेकीचे हात मोकळे," मी म्हणालो. "गिऱ्हाइकाला काय सांगू?"

"तुम्ही नका सांगू आबा, मी सांगते. देशी बांगडी आणा, मग घालीन."

देशी बांगडी आणायची म्हणजे माल बदलायचा, व्यापारी बदलायचा. बघू बघू म्हणत मी ते टाळलं. तिचे ते मोकळे हात भाकरी थापताना दिसायचे आणि मला घास गोड लागत नसे.

हरताळाच्या दिवशी सकाळी ती बायकांच्या फेरीला निघाली. हातात कुंकवाचा करंडा होता. "आबा, फळ्या काढूच नका आज," ती म्हणाली. "जे दुकान उघडं दिसेल त्याच्यापुढं आम्ही बसणार. ते बंद होईपर्यंत उठायचं न्हाई असं ठरलंय."

"नाही काढत," मी म्हणालो.

पण देवाला उदबत्ती दाखवायची राहिली होती. गल्ल्यावरची लक्ष्मी एक दिवसही उदबत्तीशिवाय राहिलेली नाही, वडिलांच्या तेराव्यालाही राहिली नव्हती. सगळ्या पेठेने आपापल्या देवांना त्या दिवशी अंधारात ठेवलं. मला ते जमलं नाही. मी फळ्या काढल्या, उदबत्ती लावली, हात जोडले आणि लगेच फळ्या लावायला घेतल्या. तेवढाच वेळ दुकान उघडं होतं.

पहिली फळी डाव्या कडेला बसवली. दुसरी तिला लावली. उजवीकडे बघितलं तर अजून तेवढंच उघडं होतं. मला वाटलं नजरेची चूक असेल. चौथी लावल्यावर उस्मानभाईंचा आवाज आला. ते आपल्या बंद दुकानाच्या पायरीवर सुपारी कातरत बसले होते.

"भुजंगशेट, काय चाललंय?"

"बंद करतोय."

"बंद करताय का मोठं करताय?"

मी बाहेर येऊन बघितलं. उस्मानभाईंचं दुकान चार फळ्या पलीकडे सरकलं होतं. ते पायरीवर बसलेले, त्यामुळे तेही सरकले होते. मांडीवरची सुपारी सांडली नव्हती.

"तुम्हाला काही त्रास?" मी विचारलं.

"मला काय त्रास? सावली गेली तेवढी."

मी आणखी एक फळी लावली. ते आणखी लांब गेले. मग लावलेली फळी परत काढून बघितली. दुकान काही अरुंद झालं नाही. म्हणजे मागे यायची सोय नव्हती. मग मी पुढेच जायचं ठरवलं, कारण फळ्या केव्हा तरी संपतील तेव्हा हे थांबेल, असा माझा हिशेब होता.

फळ्या संपल्या. कडीची फळीसुद्धा लावून झाली. समोर सकाळी होतं तेवढंच उघडं राहिलं होतं. आत वळून बघितलं तर मांडण्या वाढल्या होत्या, आणि त्यांच्यावर मी कधीही न घेतलेला माल होता. एका मांडणीवर लाखेच्या बांगड्या होत्या. लाल, पिवळ्या, आपल्याकडच्या. हात लावून बघितल्या. पक्का देशी माल होता.

तेवढ्यात फेरी पेठेत शिरली.

पुढे गोदाक्का होत्या. गोदाक्का म्हणजे वरच्या आळीच्या, नवरा फौजेत गेला तो परत आलाच नाही, तेव्हापासून त्या कोणाला भीत नाहीत. त्यांचा हात मी कितीदा धरला आहे. कासाराला गावातल्या सगळ्या बायका हात देतात, आणि बांगड्या भरून झाल्या की पाया पडतात, वयाने मोठ्या असल्या तरी. प्रत्येकीचं माप मला पाठ आहे. गोदाक्कांचा पंजा रुंद, अंगठ्याशी हाड मोठं, तिथे बांगडी अडते.

"कासारदादा," त्या म्हणाल्या, "सगळी पेठ बंद हाय. तुमचंच तेवढं उघडं."

"बंद करतोय अक्का."

"दिसतंय की. भिंती पाडून दुकान वाढवलंय जणू."

मागच्या बायका हसल्या. एक म्हणाली, "दादांस्नी बांगड्यांचा आहेर करा अक्का."

"करूया," गोदाक्का म्हणाल्या. "डझनभर घ्या. त्यांच्याच मापाच्या." मग त्या थांबल्या. गावात बांगड्यांचं दुकान एकच, माझं. आणि हरताळात विकत घ्यायचं नव्हतं. "ऱ्हाऊ दे. हरताळ सुटल्यावर बघू. बसा गं."

बायका दुकानापुढे रस्त्यात बसल्या. वेणू पहिल्या रांगेत, अगदी माझ्यासमोर. तिने माझ्याकडे बघितलं नाही. करंडा मांडीवर घेऊन ती खाली बघत राहिली, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

उस्मानभाईंनी आपल्या परसदाराची एक जुनी फळी आणून दिली. परसदार हरताळात मोजत नाहीत, ते म्हणाले. मी ती बसवली. दुकान तेवढं रुंद झालं. पण समोर बसलेल्या बायकांनी आता ते डोळ्यांनी बघितलं. रांग ताणली गेली. शेजारी शेजारी बसलेल्या दोघींच्या मध्ये आता तिसरी मावली असती.

"आबा," वेणू म्हणाली, "मुद्दाम करताय का?"

"नाही गं. तुझी शपथ."

"शपथ नका घेऊ. फळी लावा."

"फळी नाही आता."

गोदाक्का उठल्या नाहीत, पण त्यांनी हात वर करून मागे निरोप दिला. थोड्या वेळाने मागच्या रांगांतून वस्तू पुढे यायला लागल्या. जेवायचे पाट आले. एकीने पाळण्याची बाजू आणली. कोणी धुण्याची फळी दिली. शाळेला सुट्टी होती, म्हणून कोणी तरी शाळेतला फळा आणला. त्याच्यावर कालचं गणित अजून तसंच होतं. प्रत्येक वस्तू खाचेत बरोबर बसली, जाड असली तरी आणि पातळ असली तरी. प्रत्येक वेळी दुकान तेवढंच रुंद झालं.

फौजदार आले तेव्हा दुकानाचं डावं टोक नदीच्या घाटाला टेकलं होतं. उजवीकडे मारुतीचं देऊळ मागे मागे ढकललं जात होतं आणि पुजारी सोवळ्यात बाहेर उभा राहून दुकान येताना बघत होता. फौजदारांबरोबर शिपाई होते, काठ्या घेऊन. ते उन्हात एका ओळीत उभे राहिले.

"शाबास," फौजदार मला म्हणाले. "गावात एक तरी शहाणा माणूस आहे."

"साहेब, मी बंदच करतोय."

त्यांनी फळ्या बघितल्या, मग उघडी बाजू बघितली. "असं का. करा, करा." ते उंबऱ्यावर टेकले आणि पागोट्याखालचा घाम पुसला. "दुपारी मोठे साहेब पेठेतून बंगल्यावर जाणार आहेत. पेठ चालू आहे असं मी वर कळवून टाकलंय. दुकान एक असो की शंभर, चालू म्हणजे चालू. तेव्हा हे दुकान उघडं राहील."

"आणि या बायका?"

"मारुतीच्या देवळाची सावली देवळाच्याच पायरीला लागली की रस्ता मोकळा करीन. मग तिथे बाई बसलीय की कोण बसलंय ते शिपाई बघणार नाहीत. तसं त्यांना सांगितलंय."

"बंद झालं तर त्या आपणहून उठतील साहेब. फेरी पुढे घाटावर जाईल. त्यांचं तसं ठरलंय."

"बंद झालं तर मी ते फोडून उघडीन," फौजदार म्हणाले. "शेवटच्या फळीपासून सुरुवात करीन. शेवटची फळी निघाली की बाकीच्या हाताने निघतात. माझ्या सासऱ्यांचं दुकान आहे."

हे ते काही रागाने बोलले नाहीत. मी त्यांना पाणी दिलं. ते प्यायले आणि आपल्या माणसांत जाऊन उभे राहिले.

आता माझ्यापुढे काय आहे ते मला स्वच्छ दिसत होतं. उघडं राहिलं तर वेणू उठणार नाही, आणि काठ्या पहिल्या रांगेवर पडतील. बंद झालं तर फौजदार फळ्या फोडतील. फोडू देत. तोपर्यंत बायका घाटावर गेलेल्या असतील. काच फुटेल, मांडण्या मोडतील, मला चार तडाखे बसतील. मी काही शूर माणूस नाही. पण एवढं मला परवडणार होतं. फक्त दुकान बंद व्हायला हवं होतं.

मी वेणूला हाक मारली. ती समोरच बसली होती, पण समोर म्हणजे आता बरंच लांब होतं. माझा आवाज तिच्यापर्यंत जायला वेळ लागला. तिने मान वर केली.

"ऊठ," मी म्हणालो. "घरी जा. तुझ्या पाया पडतो."

तिचं उत्तर यायला तेवढाच वेळ लागला. "दुकान बंद झाल्याबिगर उठायचं न्हाई, आबा."

"तू नाही उठलीस तर मारतील गं."

"मला म्हाईत हाय."

"लाखेच्या बांगड्या आल्यात," मी म्हणालो. काय बोलावं ते सुचत नव्हतं. "देशी आहेत. तुझ्या मापाच्या. ये, भरतो."

आता ती थोडी हसली. "उघड्या दुकानातून न्हाई घेणार."

"मग बंद दुकानातून देऊ कशा?"

"बंद झाल्यावर घरी घेऊन या."

मी आत गेलो, तिच्या मापाच्या बांगड्या निवडल्या आणि बंडीच्या खिशात ठेवल्या. तिचं माप निवडायला मला बघावं लागत नाही. लहानपणी तिच्या हातात चिमणी बांगडी भरली, तेव्हापासून ते माझ्या बोटांत आहे.

बाहेर आलो तेव्हा फौजदार एका शिपायाला सांगत होते, "देवळाची सावली कुठवर आली ते बघून ये." शिपाई निघाला. देऊळ आता पुष्कळ दूर होतं. मला जरा बरं वाटलं. मनात आलं, अशाच वस्तू लावत राहावं, देऊळ असंच ढकलत न्यावं, शिपाई जातच राहील, सावली लागल्याची बातमी यायचीच नाही. मी पटापट पाट लावत सुटलो. गोदाक्कांचा लग्नातला पाट लावला, कोणाच्या तरी बैलगाडीची फळी लावली. उस्मानभाई आता ठिपक्याएवढे दिसत होते. बायकांच्या रांगेत एकमेकींशी बोलायचं तर ओरडावं लागत होतं, म्हणून त्या गप्प होत्या.

शिपाई परत आला. त्याच्या वहाणा झिजून गेल्या होत्या आणि दाढी वाढली होती.

"लागली का सावली?" फौजदारांनी विचारलं.

"लागली साहेब. मी निघालो तवाच लागली हुती."

फौजदारांनी मान हलवली आणि शिपायांना दोन पावलं पुढे घेतलं. लांबच्या लांब पसरलेल्या रांगेत त्यांनी नेमकी वेणूच्या समोरची जागा धरली. कारण ती दुकानाच्या तोंडासमोर होती, आणि मोठ्या साहेबांना दुकानाचं तोंड दिसायला हवं होतं.

माझ्या हातात शाळेतला दुसरा फळा होता. तो मात्र खाचेत नीट बसला नव्हता, वरून सुटून यायला लागला होता. त्याला खांदा द्यायला म्हणून मी खाचेत पाय रोवला आणि मध्ये उभा राहिलो. लाकूड करकरलं. बाजूला बघतो तर उस्मानभाई जवळ आले होते. ठिपका होता तिथे माणूस दिसत होता, अडकित्त्यासकट.

मी खाचेतून बाहेर आलो. ते परत लांब गेले. खाचेत उभा राहिलो. ते जवळ आले. आणखी जरा ताठ उभा राहिलो. ते आणखी जवळ आले, आणि वेणूही आली.

लाकडाने दुकान रुंद होत होतं आणि माझ्याने अरुंद होत होतं. एवढी साधी गोष्ट मला सकाळपासून कळली नव्हती. मला स्वतःचाच राग आला. उदबत्ती लावून झाल्यावर पहिल्यांदा मीच उभा राहिलो असतो, तर एवढ्या लोकांचे पाट लागले नसते.

"उस्मानभाई," मी म्हणालो. ते आता बोलण्याच्या अंतरावर आले होते. "कडी लावायला या."

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि अडकित्ता खाली ठेवला. "भुजंगशेट, आत जाऊ नका."

"आत नाही जात. मध्येच उभा राहतोय."

"बाहेर कसे येणार?"

"ते नंतर बघू. बंद झालं की वेणूला घाटावर घेऊन जा. सगळ्या जातीलच, पण ती मागे रेंगाळेल. तिला म्हणावं, आबा मागच्या दाराने घरी गेले, बांगड्या आणतायत."

"बोलतो," उस्मानभाई म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मला वाटलं, ते सुपारीचं असेल.

मी तोंड रस्त्याकडे केलं, कारण फळीची गुळगुळीत बाजू बाहेर ठेवायची असते. टाचा खालच्या खाचेत बसल्या. डोकं वरच्या खाचेपर्यंत पोचत नव्हतं, मग पोचलं. हात अंगाला लावले, ते अंगालाच राहिले. नाक तेवढं पुढे येत होतं. उस्मानभाईंनी तळव्याने ते हलकेच दाबलं आणि ते सपाट झालं. दुखलं नाही. खिशातल्या बांगड्या छातीशी दाबल्या गेल्या आणि तिथेच आत बसल्या.

दोन्ही बाजूंनी फळ्या यायला लागल्या. दुकान मिटत आलं तशी पेठ परत आपल्या जागी आली. देऊळ आलं, घाट मागे गेला, बायका एकमेकींना येऊन टेकल्या आणि पुन्हा बोलायला लागल्या. पाट, पाळणा, फळा कुठे गेले ते मला दिसलं नाही, कारण मान वळत नव्हती. मग डावीकडून वडिलांच्या खुणेची फळी मला लागली आणि उजवीकडून दुसरी. फट राहिली नाही. कडी माझ्या बरगडीपाशी निघाली. उस्मानभाईंनी ती लावली, कुलूप घातलं, आणि किल्ली खिशात टाकताना एकदा माझ्यावरून हात फिरवला.

"झालं," ते मोठ्याने म्हणाले. "भुजंगशेटचं दुकान बंद झालं."

रस्त्यातून केवढा तरी आवाज उठला. बायका उठल्या, पदर झटकले. गोदाक्का म्हणाल्या, "सोन्यासारखा माणूस, उगीच बोलले मी त्यांस्नी." फेरी घाटाकडे वळली. मला फार समाधान वाटलं. असं समाधान मला कधी धंद्यात वाटलं नव्हतं. रांगा एकामागून एक माझ्यासमोरून जात होत्या आणि मी त्यांत वेणूची पाठमोरी वेणी शोधत होतो.

वेणू गेली नव्हती. ती कुंकवाचा करंडा घेऊन माझ्याकडेच येत होती.

हे मी विसरलो होतो. त्या दिवशी फेरीतल्या बायका प्रत्येक बंद दुकानाच्या शेवटच्या फळीला कुंकू लावत होत्या, आणि ते लावायचा मान त्या घरच्या लेकीचा होता. पलीकडच्या शेट्यांच्या दुकानाला त्यांच्या लेकीने लावलं, उस्मानभाईंच्या दुकानाला त्यांच्या जैनबने. माझ्या दुकानाला लेक एकच होती. सकाळी तिच्या हातात करंडा मी बघितला होता, आणि इतका वेळ तो तिच्या मांडीवर बघत होतो. नको ते सगळं ध्यानात राहिलं आणि एवढंच राहिलं नाही.

"उस्मानचाचा, आबा कुठं आहेत?" तिने विचारलं.

"मागच्या दाराने घरी गेले," उस्मानभाई म्हणाले. "बांगड्या आणतायत. तू घाटावर चल बेटी."

"आमच्या दुकानाला मागचं दार न्हाई, चाचा."

उस्मानभाईंनी खिशातली किल्ली चाचपली. मीही ते विसरलोच होतो.

वेणूने करंड्यात बोट बुडवलं. कुंकू पाण्यात कालवलेलं होतं. तिचा हात पोचला तिथे तिने टिळा लावला, आणि तिथून बोट खाली घसरत आलं. ते छातीपाशी थांबलं. तिथे लाकडात एक गाठ होती. गोल, मध्ये पोकळ, आणि तिला लागून तेवढीच दुसरी. वेणूने त्या गोलावरून बोट फिरवलं. मग चारही बोटं एकत्र आणून, अंगठा आत दुमडून, तिने हात त्या गोलावर ठेवला. बांगडी भरून घ्यायला हात देतात तसा. माप बरोबर होतं.

तो हात तिने काढला नाही.

"आबा," ती म्हणाली. अगदी हळू. शेजारी उभ्या उस्मानभाईंनाही ते ऐकू गेलं नसेल.

मला उत्तर द्यायचं होतं. घरी जा, एवढंच सांगायचं होतं. लाकूड नुसतं करकरलं असतं तरी चाललं असतं. ते करकरलं नाही, फार पक्कं बसलं होतं.

मागून फौजदार आले. त्यांच्यामागे शिपाई होते. पेठ रिकामी झाली होती आणि लांबून मोटारीचा आवाज येत होता.

"ती फळी काढायचीय," फौजदार म्हणाले. "बाजूला हो मुली."

वेणू वळली. तिने पाठ माझ्याकडे केली, दोन्ही हात पसरले आणि माझ्या दोन्ही बाजूंच्या फळ्या धरल्या. तिचे हात मोकळे होते. तिची पाठ माझ्या छातीला टेकली आणि तिचा श्वास मला कळायला लागला. लहानपणी ताप आला की मी तिला असाच छातीशी धरून बसत असे.

"पोरी, सरक," उस्मानभाई म्हणाले. "तुझ्या आबांनीच सांगितलंय."

"दुकान बंद आहे," वेणू म्हणाली. ती हे फौजदारांना सांगत होती.

"बाजूला हो."

ती हलली नाही. मीही हललो नाही. मी हललो असतो तर दुकान उघडलं असतं.

फौजदारांनी काठी उचलली. वेणूने डोकं मागे टेकलं. कुंकू अजून ओलं होतं.